वेग असूनही विमान का पडतं?

23 जून 1980ची सकाळ. दिल्लीच्या सफदरजंग विमानतळावरून पिट्स एस-2ए हे चिमुकलं विमान उडालं. एकावर एक असे दुमजली पंख, त्यांची लांबी जेमतेम 6 मीटर, इंजिन 200 अश्वशक्तीचं. सगळी घडणच हवाई कसरतींसाठी. आत होते 33 वर्षांचे संजय गांधी आणि अनुभवी प्रशिक्षक कॅप्टन सुभाष सक्सेना. कमी उंचीवर कसरती चालू असताना ताबा सुटला, विमान कोसळलं आणि दोघेही गेले.

कसरतींसाठीच बांधलेलं विमान कसरत करताना का पडावं? अशा अनेक अपघातांच्या मुळाशी पंखाचा एक विलक्षण स्वभाव असतो.

वेग कमी झाला की विमान पडतं, असं आपल्याला वाटतं. खरं तर पंखाला कळतो तो कोन. समोरून येणाऱ्या हवेशी त्याचा कोन साधारण 15 अंशांपलीकडे गेला की वरच्या पृष्ठभागाला बिलगून वाहणारी हवा सुटते, भोवरे उठतात आणि उचल एकदम ढासळते. हा ‘स्टॉल’. तो कुठल्याही वेगाला होऊ शकतो! सरळ उडताना ताशी 95 किलोमीटरला स्टॉल होणारं विमान घ्या. कसरतीत पंखांवर वजनाच्या चौपट भार आला, की तेच ताशी 190 किलोमीटरलाही स्टॉल होतं.

आणि उपाय? नाक खाली करायचं. जमिनीपासून वाचण्यासाठी आधी जमिनीकडेच झेपावायचं! कोन घटतो, हवा पुन्हा पंखाला बिलगते, विमान ऐकू लागतं. पण ताशी 200 किलोमीटरने सरळ खाली सूर मारणारं विमान सेकंदाला 55 मीटर खाली येतं. तेवढ्याच वेगात, चौपट भार सोसत त्याला आडवं करायचं तर आणखी सुमारे 100 मीटर लागतात. घाबरून नाक वर करायला स्टिक जोरात ओढावी, तर कोन वाढून पुन्हा स्टॉल. जमीन जवळ असली की हात नेमका तीच चूक करायला धावतो.

म्हणूनच कसरतींचा सराव भरपूर उंचीवर करतात. तिथे झालेली चूक निस्तरता येते. शे-दीडशे मीटरवर तीच चूक निस्तरायला निष्णात वैमानिकालाही जागा उरत नाही.