प्रोजेक्टरचे बिघडलेले चित्र : गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्रोजेक्टरचे चित्र फिके दिसू लागले की यंत्राचे ल्युमेन, म्हणजे त्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप, कमी पडत असल्याचा निष्कर्ष काढला जातो आणि जाहिराती या समजाला खतपाणीच घालतात. वस्तुतः कोणताही प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. पडद्याच्या ज्या भागावर तो प्रकाश टाकत नाही तो भाग काळा भासतो, आणि तिथे खिडकीचा किंवा ट्यूबलाइटचा उजेड पडला की काळ्याचा राखाडी होऊन गडद व उजळ भागांतील तफावत, अर्थात काँट्रास्ट, घटते. अधिक ल्युमेनने पांढरा उजळतो, पण काळा गडद होत नाही. त्यासाठी खोलीतला उजेडच आवरावा लागतो.

कीस्टोन दुरुस्तीविषयीचा गैरसमज याहून चिवट आहे, कारण तिचा परिणाम डोळ्यांना सुखावणारा असतो. यंत्र तिरके ठेवल्याने एका बाजूला रुंद झालेले चित्र या सोयीने चौकोनी होते खरे, परंतु ही दुरुस्ती भिंगात न होता इलेक्ट्रॉनिक प्रक्रियेने होते : १९२० × १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेलपैकी कडेचे काही बंद ठेवून संपूर्ण चित्र उरलेल्या पिक्सेलमध्ये दाटीने बसवले जाते, त्यामुळे बारीक अक्षरांच्या कडा पुसट होतात. शिवाय तिरकेपणामुळे चित्राची एक कड फोकसबाहेर जात असेल, तर तो दोष कीस्टोनने मुळीच जात नाही. म्हणून शक्य तिथे यंत्र पडद्यासमोर सरळ ठेवावे, किंवा भिंगच सरकवणारी लेन्स शिफ्टची सोय असल्यास ती वापरावी. तिच्यात एकही पिक्सेल वाया जात नाही.

महाग एचडीएमआय केबलने रंग खुलतात, हेही खरे नाही. डिजिटल संकेत बिघडला तर चित्रात ठिणग्यांसारखे ठिपके उमटतात किंवा चित्र अधूनमधून नाहीसे होते; सगळ्या चित्रावर एकाच रंगाची झाक येणे हा जुन्या व्हीजीए केबलच्या वाकलेल्या पिनेचा दोष असू शकतो. दिवा बंद पडेपर्यंत चांगलाच असतो, हा समजही चुकीचा आहे, कारण दिव्याचे जाहीर केलेले आयुर्मान बहुधा प्रकाश निम्म्यावर येईपर्यंतच मोजलेले असते.

पडद्यावरील ठिपक्यांसाठी भिंग पुसत राहणे मात्र निव्वळ व्यर्थ होय, कारण भिंगाच्या बाहेरील धूळ फोकसमध्ये येतच नाही. एलसीडी यंत्रात दिसणारे अस्पष्ट गोल डाग बहुधा आतल्या धुळीचे असतात. डीएलपी यंत्रात, ज्याची सूक्ष्म आरशांची चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधील लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये साकारली, जागा न बदलणारे पांढरे ठिपके म्हणजे अडकलेले आरसे असतात. त्यावर चिप बदलणे हाच उपाय असतो, आणि यंत्र जुने असेल तर तो खर्च करण्यापूर्वी नव्या यंत्राची किंमत विचारून घ्यावी.