चालत्या यंत्राच्या पोटात



राइस मिलचे हमाल आणि विडी वळणाऱ्या बाया यांच्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याने संगणकाच्या गाभ्यावर बोलावे हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. माझे शाळेतले शिक्षण बेताचेच. जे थोडे समजले ते युनियनच्या कचेरीतील जुन्या संगणकाशी झटापट करून आणि हाताला लागेल ते वाचून. या वाटेला लागण्याचे कारण मात्र घडले. एका गिरणीत हजेरीचा हिशेब यंत्रावर गेला आणि काही हमालांच्या पगारात दरमहा थोडी तूट येऊ लागली. विचारायला गेलो तर उत्तर मिळाले, "यंत्र चुकत नाही." तुटीचे मूळ पुढे एका साध्या कोष्टकात सापडले. पण यंत्र चालू असताना त्याच्या पोटात काय घडते हे कोणाला पाहता येते की नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

आपला गोंदिया धानाचा. धान घेणारा व्यापारी पोते उसवत बसत नाही. टोकदार लोखंडी नळी पोत्यात खुपसतो, मूठभर दाणे बाहेर काढतो, आणि पोते जसेच्या तसे राहते. संगणकाच्या गाभ्यात अशी नळी खुपसण्याची सोय आहे. तिला केप्रोब्ज म्हणतात.

गाभा म्हणजे इंग्रजीत ज्याला कर्नेल म्हणतात तो. यंत्रावरचे सारे कार्यक्रम त्याच्या आधाराने चालतात. तो थांबला की सगळेच थांबले. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचा परम सिद्धी हा महासंगणक २०२० च्या नोव्हेंबरात जगाच्या यादीत ६३ वा आला. तो काय किंवा त्या यादीतील इतर काय, २०१७ पासून पाचशेच्या पाचशे महासंगणक लिनक्सच्याच गाभ्यावर चालतात. असले यंत्र नुसते आत डोकावण्यासाठी बंद करणे परवडत नाही. केप्रोब्जचा पहिला आराखडा २००२ मध्ये आयबीएमच्या भारतातील शाखेतील वंशी कृष्ण यांनी लिहिला आणि २००४ मध्ये तो लिनक्समध्ये दाखल झाला, हे सांगताना मला अभिमान वाटतो.

आता युक्ती पाहा. प्रोसेसरला दिलेली प्रत्येक आज्ञा म्हणजे शेवटी आकडेच. इंटेल आणि एएमडी यांच्या प्रोसेसरांत २०४ या एका बाइटाचा अर्थ 'थांब आणि गाभ्याला कळव' असा आहे. जी आज्ञा तपासायची तिची नक्कल बाजूला काढून ठेवायची आणि मूळ आज्ञेच्या पहिल्या बाइटावर २०४ लिहायचा. प्रोसेसर तेथे पोचला की अडतो, आपला तपासनीस येऊन काय ते टिपून घेतो, मग ती बाजूची नक्कल चालवली जाते आणि काम पुढे सुरू होते. चालत्या गाडीला कळतसुद्धा नाही.

ऐकायला सोपे आहे. पण आज्ञेचा 'पहिला बाइट' ओळखायचा कसा? या प्रोसेसरांत एखादी आज्ञा एका बाइटाची असते, एखादी पंधरा बाइटांची, आणि दोन आज्ञांमध्ये जागा सोडलेली नसते. ज्यांनी जुन्या मोडी कागदांत डोके घातले आहे त्यांना हे चटकन कळेल. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. मध्येच बोट ठेवून वाचू गेलात तर भलताच शब्द हाती येतो. ओळीच्या आरंभापासून वाचत यावे लागते.

एक उदाहरण घेऊ. १८४, १४४, १४४, १४४, १४४ असे पाच बाइट आहेत. १८४ म्हणजे 'पुढच्या चार बाइटांत असलेला आकडा अमुक कप्प्यात ठेव'. ही पाचांची मिळून एकच आज्ञा झाली. पण कोणी दुसऱ्या बाइटापासून वाचू लागला तर? १४४ चा स्वतंत्र अर्थ 'काही करू नकोस' असा आहे. त्याला चार रिकाम्या आज्ञा दिसतील! आणि आज्ञा तेथून सुरू होते असे समजून त्याने दुसऱ्या बाइटावर २०४ लिहिला, तर प्रोसेसर थांबणार नाही. घंटा वाजणार नाही, यंत्र कोसळणार नाही. कप्प्यात चुकीचा आकडा जाईल आणि पुढचा सगळा हिशेब त्या आकड्यावर होईल. कोसळलेले यंत्र निदान दिसते तरी. मला त्या हमालांचा पगार आठवतो तो येथे.

म्हणून गाभा नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाही. ज्या फंक्शनमध्ये नळी खुपसायची त्याच्या आरंभापासून तो एकेक आज्ञा मोजत येतो आणि सांगितलेली जागा मध्येच पडली तर विनंती फेटाळतो. हे मोजण्याचे काम करणारा वाचक २००९ च्या सुमारास रेड हॅट कंपनीतील मासामी हिरामात्सु यांनी लिहिला. कोणत्या आकड्याची आज्ञा कोणती, याचे कोष्टक त्यात साध्या वाचता येणाऱ्या मजकुरात ठेवले आहे आणि त्यावरून यंत्राच्या उपयोगाची तक्ती आपोआप तयार होते. कोष्टक माणसाला वाचता यावे, हे मला फार पटले.

दुसरी अडचण नकलेची. गोरेलाल चौकात उभ्या माणसाला 'येथून पुढे तिसऱ्या दुकानात जा' अशी चिठ्ठी दिली तर ती बरोबर. तीच चिठ्ठी स्टेशनजवळ उघडली तर तो तिसऱ्याच दारात जाईल. 'येथून इतके पुढे' असे सांगणाऱ्या आज्ञा पुष्कळ असतात. नक्कल दुसऱ्या जागी असल्यामुळे ते अंतर नव्याने मोजावे लागते, नाही तर गाभा प्रोसेसरला उडी मारू न देता स्वतःच हिशेब करून पुढची जागा ठरवतो.

सर्वच प्रोसेसर इतके अवघड नाहीत. आयबीएमच्या पॉवर जातीत प्रत्येक आज्ञा चार बाइटांची असे. मग २०२० मध्ये नव्या नियमावलीत आठ बाइटांच्या जोडआज्ञा आल्या आणि 'चार म्हणजे चार' असे धरून लिहिलेले गाभ्यातील जुने भाग ठिकठिकाणी दुरुस्त करावे लागले. जोडआज्ञेच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर नळी लावू पाहाल तर आता तेथेही नकार मिळतो. कामाचे नियम बदलले आणि तपासनिसाची वही जुनीच राहिली तर काय होते, हे आम्ही कामगार चांगले जाणतो.

आपल्या देशातील मद्रास आयआयटीचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या खुल्या नियमावलीवर बेतलेले आहेत. तिच्यात आज्ञा सहसा चार बाइटांची, आणि आखूड आज्ञांची सोय घेतली असेल तर दोन बाइटांचीही असते. पण सगळ्यांत खालच्या दोन बिटांवरूनच लांबी कळते. दोन्ही १ असतील तर आज्ञा आखूड नव्हे. तेथे थांब्याची आज्ञाही दोन मापांची ठेवली आहे. आखूड आज्ञेवर चार बाइटांचा थांबा लिहिला, तर शेजारच्या आज्ञेचा घास गेलाच म्हणून समजा.

एक गोष्ट राहिली. गाभ्यातील काही फंक्शनांवर नळी लावण्याची मनाई आहे, आणि ती बहुतेक तपासनिसाच्या स्वतःच्या कामाची आहेत. तपासनीसच अडवला गेला, तर त्याची चौकशी करायला पुन्हा तोच यायचा आणि पुन्हा अडायचा.