जुन्या सागवानापासून तसबिरींच्या चौकटी

जुने घर उतरविल्यावर निघणाऱ्या लाकडांपैकी खांब, तुळया व धड दारे यांना गिऱ्हाईक मिळते. परंतु हात-दोन हात लांबीचे तुकडे आणि कडीपाटाच्या मोडक्या फळ्या बहुधा चुलीत जातात. वास्तविक सागवानाचा असा तुकडा तसबिरीच्या चौकटीस नव्या लाकडाहून अधिक योग्य असतो. ताज्या लाकडातील ओल निघून जाताना ते आकसते व पिळवटते. पन्नास-साठ वर्षे छपराखाली राहिलेल्या लाकडाचे हे आकसणे केव्हाच होऊन गेलेले असते. शेतीची कामे थंडावलेल्या दिवसांत सुताराच्या साह्याने घरच्या तसबिरी तरी अशा लाकडात सहज बसविता येतील.

मात्र जुने ते सर्वच उपयुक्त असे नव्हे. सुरीचे टोक सहज रुतले तर लाकूड आतून कुजलेले समजावे. सागवानाच्या तपकिरी गाभ्यास कीड सहसा लागत नाही. बाहेरील फिकट भागात मात्र पोखरणारे भुंगेरे शिरतात. बारीक छिद्रांखाली पिठासारखा ताजा भुगा पडत असल्यास किडा आत जिवंत आहे, हे ओळखावे व तो भाग पूर्णपणे कापून टाकावा. मोडक्या गाडीचे व औतांचे बाभळीचे तुकडे चिवट खरे, पण सरळ क्वचितच मिळतात, आणि रंध्याखाली सुताराला दमवितात. कोरीव गणेशपट्टी कापून चौकटी करणे हा तर उघड तोटा होय.

लाकडावरून लोहचुंबक फिरवून खिळ्यांची जागा हेरावी. आत मोडून राहिलेला एक खिळा रंध्याचे पाते निकामी करतो. रंग असल्यास विशेष जपावे. जुन्या तैलरंगांत शिसे असण्याचा संभव असतो. भारतात घरगुती रंगांतील शिसे दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासूनच अमलात आला. असा रंग कोरडा घासू नये. पाणी मारून, मुलांना दूर ठेवून तो खरवडावा आणि त्याच्या ढलप्या चुलीत मुळीच घालू नयेत.

घर उतरविल्यावर उघड्यावर भिजलेले लाकूड लगेच वापरू नये. सावलीत, तुकड्यांमध्ये चिपा ठेवून ते रचावे. एक तुकडा दर आठवड्यास वजन करून पाहावा. वजन उतरण्याचे थांबले म्हणजे लाकूड तयार झाले. लाकूड लांबीत फारसे आकसत नाही, रुंदीत आकसते. म्हणूनच पावसाळ्यात घाईने केलेल्या चौकटीचे सांधे उन्हाळ्यात आतल्या कोपऱ्याकडून फाटतात.

मापात चूक होते ती पट्टीच्या रुंदीचा हिशेब विसरल्याने. काच २५ सें.मी. लांब व २० सें.मी. रुंद, पट्टी ४ सें.मी. रुंद आणि काच बसण्यासाठी पाडलेली खाच ६ मि.मी. असे धरू. काच सैल बसावी म्हणून ३ मि.मी. अधिक घ्यावेत. मग प्रत्येक बाजूस ३.४ सें.मी. पट्टी खाचेबाहेर राहते, आणि पट्ट्यांची बाहेरील लांबी ३२.१ व २७.१ सें.मी. येते. चार पट्ट्या मिळून ११८.४ सें.मी. झाल्या; करवतीचा घास व चुकभूल धरून १३० सें.मी. लाकूड हाताशी असावे.

कोपरे ४५ अंशांत कापावयाचे असतात. एकेका कापात अर्धा अंश चुकला, तर आठ कापांची चूक मिळून शेवटचा कोपरा चार अंश उघडा राहतो. यास्तव हाताच्या अंदाजावर विसंबू नये; गुण्याने तपासलेला लाकडी साचा करून त्यातूनच करवत चालवावी. समोरासमोरच्या पट्ट्या एकीवर एक ठेवून लांबी तंतोतंत जुळते की नाही, हेही पाहावे. कापाच्या तोंडाशी लाकूड सरस शोषून घेते. म्हणून प्रथम पातळ हात देऊन तो मुरू द्यावा व मग दुसरा द्यावा. चौकटीभोवती सुतळी गुंडाळून काडीने पीळ भरावा आणि दोन्ही कर्ण सारखे आहेत याची खात्री करावी. नुसत्या खिळ्याने कोपरा फार काळ टिकत नाही. सरस वाळल्यावर कोपऱ्यात करवतीने आडवी खाच पाडून तीत पातळ लाकडी पट्टी चिकटविल्यास सांधा हलत नाही.

सागवानास जवसाच्या उकळलेल्या तेलाचे दोन पातळ हात पुरेत. तेलाने माखलेली चिंधी चुरगळून टाकू नये, ती आपोआप पेट घेऊ शकते. पसरून उघड्यावर वाळवावी.

राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेल्या छापखान्यातील चित्रे किंवा वडीलधाऱ्यांची छायाचित्रे ज्या घरांत आहेत, तेथे आणखी एक काळजी घ्यावी. दमट हवेत छायाचित्र काचेस चिकटते आणि सोडविताना त्याचा पापुद्रा निघतो. काच व चित्र यांच्यामध्ये जाड कागदाची किनार घालावी. पाठीमागे फळी थेट न लावता मध्ये स्वच्छ पांढरा कागद ठेवावा, आणि कसर शिरू नये म्हणून मागील फट कागदी पट्टीने बंद करावी. खालच्या दोन कोपऱ्यांमागे लाकडाच्या लहान चकत्या चिकटवाव्यात, म्हणजे चौकट भिंतीपासून सुटी राहून मागे वारा खेळतो.