प्राध्यापकीची वाट : लेखांक ५ – अर्जाआधीची बेरीज

"सर, सेट झालो. आता अर्ज कुठे करू?" गेल्या लेखांकानंतर हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. अर्ज कुठेही करा, पण आधी कागद-पेन घेऊन अर्धा तास बसा.

सुरुवात एमएच्या गुणांपासून. ५५ टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्क्यांची सूट. ५४.९६ म्हणजे पंचावन्नच की, असं मनाशी म्हणू नका. नेटच्या माहितीपत्रकातच लिहिलंय, पूर्णांक करून चालणार नाही.

दुसरं, सेट कुठे चालते? आपली सेट पुणे विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोव्यासाठी घेतं. १ जून २००२ पूर्वीची असेल तर देशभर चालते, नंतरची या दोन राज्यांपुरतीच. म्हणजे कोल्हापूरच्या मुलीला पणजीत अर्ज करता येतो. बेळगावच्या कॉलेजात मराठीची जागा निघाली, तर मात्र नेट किंवा कर्नाटकची सेट लागते.

आता खरी बेरीज. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत कॉलेजांसाठी एक तक्ता आहे. समजा, बीएला ६१ टक्के, एमएला ५८, सेट आणि शिकवण्याचा तीन वर्षांचा अनुभव. बीएचे १९, एमएचे २०, सेटचे ५, अनुभवाचे वर्षाला २ प्रमाणे ६. झाले ५०. सेटऐवजी नेट असती तर ५ च्या जागी ८, जेआरएफ असती तर १०. आणि पीएचडी? एकदम २५. दोन वर्षं घासून केलेल्या एमएपेक्षाही पाच जास्त.

जुलै २०२३ पासून विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकपदासाठीही पीएचडी ऐच्छिक झाली, तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. माझ्या मते तो घाईचा होता. पात्रतेच्या रकान्यातून पीएचडी गेली, गुणांच्या रकान्यात बसूनच आहे. शेजारच्या खुर्चीवरचा उमेदवार ७५ घेऊन आला, की तुमचे ५० तुम्हाला मुलाखतीच्या यादीबाहेर ठेवू शकतात. यादी करण्यापुरताच हा तक्ता असला, तरी यादीत नाव नसेल तर मुलाखत कसली?

शोधनिबंधाला २ गुण, पण कॉलेजच्या तक्त्यात कमाल ६. चौथ्या निबंधाला शून्य. तरी पैसे भरून सातवा छापून घेणारे मी पाहिलेत. विद्यापीठाच्या तक्त्यात ही मर्यादा १० आहे, तेवढा फरक लक्षात ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ अनुभवाच्या दाखल्यात. तासिका तत्त्वावर शिकवलं असेल, तर प्राचार्यांचं पत्र एकटं पुरत नाही. त्या नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता होती का, हे विचारतात. माझ्या पहिल्या अर्जाच्या वेळी दाखल्यावर सही होती, शिक्का होता, जावक क्रमांक नव्हता. छाननीच्या टेबलावरच्या बाईंनी तो कागद दोन बोटांनी बाजूला सरकवला आणि पुढचं नाव पुकारलं. दोन वर्षांचा अनुभव त्या दिवशी मोजला गेला नाही. तेव्हा दाखले आजच मागा. जुन्या कॉलेजातले प्राचार्य निवृत्त झाले की रजिस्टर सापडेपर्यंत अर्जाची मुदत उलटते.

बिंदुनामावली आणि जाहिरातीतले आरक्षणाचे रकाने पुढच्या आठवड्यात.