जुन्या संगणकाचा पंखा आणि मिरचीचे वाळवण

खेड्यापाड्यांत संगणक आला त्यास आता बरीच वर्षे झाली. २०११ साली संग्राम योजना सुरू झाली आणि ग्रामपंचायतींच्या कचेऱ्यांत संगणक दिसू लागले. पुढे ते शाळांत व घरोघरीही पोहोचले. त्यांतील कित्येक यंत्रे आज निकामी होऊन कोपऱ्यात धूळ खात पडली आहेत. काही ठिकाणी तांब्याच्या लोभाने त्यांच्या तारा गावाबाहेर जाळल्या जातात. अशा यंत्रातील कोणता भाग शेतकऱ्याच्या उपयोगी पडतो आणि कोणत्या भागास हात लावू नये, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

सर्वांत उपयुक्त भाग म्हणजे संगणकाच्या पेटीतील लहान पंखा. तो बहुधा १२ व्होल्टवर चालतो व त्यास दोन-तीन वॅट इतकीच वीज लागते. सिल्लोड भागात मिरचीचे आणि कन्नड, खुलताबाद भागात आल्याचे पीक घेतले जाते. मिरची अंगणात किंवा रस्त्याच्या कडेला वाळत घातली, तर धूळ बसते, आणि अवेळी पाऊस आला की बुरशी धरते. बुरशीमुळे मालाचा भाव तर पडतोच, शिवाय तिच्यातून अफ्लाटॉक्सिनसारखे विषही तयार होते. झाकलेल्या सौर वाळवणपेटीत हे नुकसान टळते. मात्र आतील दमट हवा सतत बाहेर गेली पाहिजे. येथे हा पंखा कामी येतो.

घरगुती पेटी सुमारे तीन फूट लांब व दोन फूट रुंद करावी. तळाशी काळा रंग दिलेला पत्रा, त्यावर थोडी जागा सोडून जाळीचा ताट आणि वर काच असावी. काच दक्षिणेकडे सुमारे २० अंश उतरती ठेवावी. खालच्या बाजूस हवा आत येण्याचे व वरच्या बाजूस ती बाहेर जाण्याचे भोक ठेवून दोहोंस बारीक जाळी लावावी. पंखा खालच्या भोकापाशी, वारा आत जाईल असा बसवावा. तेथे थंड हवा येत असल्याने उष्णतेने व दमटपणाने तो लवकर बिघडत नाही.

पंखा १० वॅटच्या लहान सौर तावदानावर चालतो. परंतु ‘१२ व्होल्टचे’ म्हणून मिळणारे तावदान भर उन्हात २० व्होल्टच्या आसपास दाब देऊ शकते. सबब तावदान व पंखा यांच्यामध्ये ७८१२ क्रमांकाचा दाबनियंत्रक, त्यास उष्णता टाकण्यासाठी पत्रा लावून, जाणत्या कारागिराकडून बसवून घ्यावा. मिरची एकेरी थरात पसरावी. सूर्यास्तानंतर दोन्ही भोके झाकावीत, नाहीतर रात्रीचा दमटपणा माल पुन्हा शोषून घेतो. मिरची हलविली असता बी खुळखुळले आणि साल कडकन मोडली, म्हणजे वाळवण झाले असे समजावे.

दुसरा भाग म्हणजे यूपीएसमधील बॅटरी. लहान यूपीएसमध्ये ती बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची असते, आणि पाठीवरच्या अनेक फवारणी पंपांतही जवळजवळ त्याच आकाराची शिसे-आम्ल बॅटरी असते. माप व टोके जुळल्यास ती पंपात घालून पाहावी. पूर्ण भारून साध्या पाण्याने पंप चालवावा व तो किती वेळ चालतो ते घड्याळावर मोजावे. काम पुरे होण्याआधीच तो मंदावला, तर ती बॅटरी जीर्ण झाली आहे असे जाणावे. फुगलेली किंवा पाझरणारी बॅटरी मुळीच वापरू नये.

बाकीचे भाग घरी उघडू नयेत. वीजपुरवठ्याच्या डबीत तार काढल्यावरही काही काळ घातक दाब राहतो. जुन्या काचनळीच्या पडद्यात शिसे असते. तारांवरील प्लास्टिक जाळल्यास डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये धुरात मिसळतात, आणि सर्किटपाट्या जाळल्या तर त्यांतील शिसे राखेत उतरून मातीत जाते. शिसे कुजत नाही. ते एकदा मातीत गेले की तेथेच राहते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करते. चार रुपयांच्या तांब्यासाठी शेताचा व लेकरांचा असा घात करणे शहाणपणाचे नव्हे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कचेरीचा किंवा शाळेचा संगणक ही सार्वजनिक मालमत्ता होय. जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद असलेल्या यंत्राचे रीतसर निर्लेखन झाल्याशिवाय त्याचा एक स्क्रूही काढू नये. वर सांगितलेले प्रयोग घरच्या यंत्रावर किंवा दुरुस्तीच्या दुकानातून मिळालेल्या सुट्या भागांवरच करावेत. उरलेला सांगाडा भंगारात न विकता नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे सोपवावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांचाही हाच हेतू आहे. संपलेली बॅटरी बॅटरी विक्रेत्याकडे परत द्यावी. गावात एक पेटी तयार करून तिच्यात वाळलेली मिरची आणि अंगणात वाळलेली मिरची शेजारी शेजारी ठेवून दाखविल्यास शेतकऱ्यांची खात्री पटेल.