दुकानाची पाटी पडद्यावर

आम्ही वर्तकनगरचे कापडवाले. शेजारच्या पोखरण रोडवरची, 1925 साली सुरू झालेली रेमंडची गिरणी आम्ही चालताना पाहिली आणि तिच्या जागेवर उंच इमारती उठतानाही पाहिल्या. काळ बदलला की धंदाही बदलतो, हे आम्हाला ठाऊक होते. वेबसाइटचे काम मात्र नव्याने शिकावे लागले.

आमची वेबसाइट एका कंत्राटदाराने करून दिली होती. संपलेला तागा यादीतून काढायचा तरी त्याला फोन, वर प्रत्येक बदलाचे पैसे. ऐन सणाच्या तोंडावर कल्याणहून एक गिऱ्हाईक वेबसाइटवर पाहिलेल्या कॉटनसाठी आले. माल आठ दिवसांपूर्वीच संपला होता. ते रिकाम्या हाताने परतले. त्याच दिवशी ठरवले, हा हुन्नर घरात आणायचा. पुतण्याला शिकायला बसवले, सोबत आम्हीही बसलो.

आधी पाया. एचटीएमएल म्हणजे कोरे कापड, सीएसएस म्हणजे रंग-छपाई, जावास्क्रिप्ट म्हणजे हालचाल. हे काम सोपे करणाऱ्या तयार चौकटी मिळतात : फेसबुकने 2013 साली खुली केलेली रिॲक्ट, गूगलची अँग्युलर आणि इव्हान यू यांनी 2014 साली आणलेली व्ह्यू. तिन्ही मोफत. आम्ही व्ह्यू घेतली.

तिचे मर्म छपाईच्या कारागिराला लगेच कळेल. ठसा एकदाच कोरायचा, मग हवा तितक्यांदा उठवायचा. ताग्याचे चित्र, नाव आणि भाव यांचा ठसा एकदा लिहिला की यादीत चाळीस तागे असोत, चाळीस ठसे आपोआप उठतात. यादीतून एक काढला की पडद्यावरूनही जातो.

सुरुवात अशी करा. संगणकावर नोड नावाचा प्रोग्रॅम बसवा. व्ह्यूच्या वेबसाइटवर दिलेल्या दोन-तीन आज्ञा टाइप करा, म्हणजे रिकामा सांगाडा उभा राहतो. तो आपल्याच संगणकावर दिसतो, त्यामुळे चुकण्याची भीती नको. पहिल्यांदा एकाच वस्तूचा ठसा करा.

दोन सावधगिऱ्या. एकच पान असेल आणि मजकूर क्वचित बदलत असेल, तर चौकट नको. साधे एचटीएमएल पुरे. दुसरे, ब्राउझरपर्यंत गेलेली प्रत्येक गोष्ट जाणकार माणूस वाचू शकतो. खरेदीभाव आणि पासवर्ड तिथे ठेवू नका.

आम्हाला तीन महिने लागले. आता रात्री गल्ला मोजण्याआधी यादी दुरुस्त करून चढवतो. बंधूंनो, हिशेबाची वही आपण दुसऱ्याच्या हाती देत नाही. मग दुकानाची पाटी का द्यावी?