घरच्या दप्तराची पावसाळ्यापूर्वीची व्यवस्था

मृगापूर्वी घराची शाकारणी होते, सरपण पडवीत येते, बियाण्याची उगवणशक्ती पाहिली जाते. ह्या धांदलीत माळ्यावरील पत्र्याच्या पेटीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. खरेदीखते, वाटणीपत्रे, पणजोबांच्या वेळचे मोडी कागद, जुनी छायाचित्रे, एखादी पोथी आणि आजीची पैठणी असा सारा ऐवज त्या एकाच पेटीत कोंबलेला असतो. 22 जुलै 2021 रोजी चिपळूण व महाड येथे पुराचे पाणी घरांत शिरले, तेव्हा असे कितीतरी दप्तर चिखलात गेले. परंतु कागद नासण्यास पूरच यावा लागतो असे नाही. एक फुटके कौल आणि चार महिन्यांची दमट हवा एवढे त्यास पुरते.

सातबाराचा उतारा आता संगणकावरून केव्हाही मिळतो, नोंदणी झालेल्या खताची प्रमाणित नक्कलही दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून काढता येते. पण घरगुती वाटणीचा कागद, जुना कर्जरोखा किंवा फारखत यांची दुसरी प्रत कोठेच नसते. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून न्यायालयापुढे आला, तर तो खरा असल्याचे गृहीत धरण्याची मुभा भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 मध्येही ठेवलेली आहे. अर्थात त्यासाठी तो कागद वाचता येण्याजोगा उरला पाहिजे.

कागदाचा स्वभाव धान्यासारखा आहे. हवेतील ओल तो शोषून घेतो आणि कोरड्या हवेत सोडून देतो. सापेक्ष आर्द्रता शेकडा 65 ते 70 च्या वर काही दिवस टिकली म्हणजे बुरशीचे बीजाणू रुजू लागतात. कोकणात आषाढ-श्रावणात ती शेकडा 80 च्याही वर असते. ओले धान्य कणगीत भरून तोंड लिंपणारा शेतकरी सापडणार नाही. मात्र दमट झालेले कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ‘आता पाण्याची भीती नाही’ असे मानणारे पुष्कळ आढळतात. अशा पिशवीत ओल आतच कोंडली जाते व बुरशीला आयतेच घर मिळते. पिशवी वाईट नाही, भरण्याची वेळ चुकते.

देशावर चैत्र-वैशाखातील दुपारची हवा अत्यंत कोरडी असते. त्या दिवसांत कागद घरातच सावलीत दोन-तीन दिवस मोकळे पसरावेत आणि दुपारीच बांधावेत. कोकणात वैशाखातही हवा दमट राहते, म्हणून तेथे हे काम पौष-माघातच उरकणे चांगले. प्रत्यक्ष उन्हात कागद घालू नयेत. उन्हाने शाई फिकी पडते व कागद ठिसूळ होतो. जुना हातकागद चिंध्यांच्या लगद्याचा असल्याने आजच्या कागदाहून अधिक टिकाऊ आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे पणजोबांचा कागद जपण्याचा हुरूप वाढतो.

बांधण्यापूर्वी टाचण्या काढाव्यात, कारण त्यांच्या गंजाने कागदास भोके पडतात. घड्या शक्य तितक्या उलगडाव्यात. वर्तमानपत्रात कागद गुंडाळू नयेत. त्यातील आम्लाने शेजारचा कागदही पिवळा पडतो. पेशवे दप्तरातील कागद रुमालात बांधीत, ती पद्धत आजही उत्तम आहे. धुवून खळ काढलेल्या सुती कापडात गठ्ठा बांधावा, मग झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवावा व सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. कळीचा चुनाही ओल शोषतो; पण त्यावर गळतीचे पाणी पडल्यास तो तापतो, म्हणून कागदांजवळ तो नको. कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी ठेवावी. कडुनिंबाचा पाला घालावयाचा तर तो पूर्ण वाळलेला असावा.

फाटलेल्या कागदास चिकटपट्टी लावणे किंवा तो लॅमिनेट करून घेणे ही हल्लीची मोठी हानी होय. तापलेले प्लॅस्टिक एकदा चिकटले की मूळ कागदास धक्का न लावता ते निघत नाही. त्यापेक्षा दोन्ही बाजूंची स्वच्छ छायाचित्रे मोबाइलवर काढून परगावच्या नातलगाकडे एक संच पाठवावा.

पेटी कोठे ठेवावी, हा प्रश्न राहतो. माळा ही सर्वांत वाईट जागा! उन्हाळ्यात पत्रा तापतो, पावसाळ्यात तोच गळतो. माजघरात, बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर, फूटभर उंच घडवंचीवर पेटी असावी. पाण्याची किंवा मोरीची नळी वरून जात नाही हेही पाहावे. पुराच्या गावी मात्र डबा हाताशी असावा, म्हणजे घर सोडताना तो प्रथम उचलता येईल.

एवढे करूनही कागद भिजलेच, तर वेळ महत्त्वाचा. सुमारे 48 तासांत बुरशी धरू लागते. चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत, चिखल चोळू नये. मोडीची काजळी शाई ओलेपणी पसरते. पानांमध्ये कोरा टीपकागद घालून तो वरचेवर बदलावा व पंख्याचा मंद वारा द्यावा. गठ्ठा मोठा असल्यास तो पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्याने बुरशी थांबते आणि थोडे थोडे कागद काढून वाळविण्यास सवड मिळते.

पैठणी कागदांसोबत ठेवू नये. तिची घडी वर्षातून दोनदा बदलावी, नाहीतर जर त्याच रेषेवर तुटते. डांबराच्या गोळ्या जरीस लागू देऊ नयेत.

ग्रामकार्यकर्त्यांनी खरीपपूर्व बैठकीत बीजप्रक्रियेनंतर पाच मिनिटे ह्या विषयास द्यावीत व एखाद्या घरची पेटी सर्वांसमक्ष बांधून दाखवावी. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की पेटी उघडून पाहावी. बुरशीचे ठिपके दिसल्यास तोंडास फडके बांधून, घराबाहेर, मऊ कुंचल्याने ते झाडावेत.